हौसेचं चामडं

विहीणबाई अजून विहीणबाई झाल्या नव्हत्या, पण घरात सगळे त्यांना त्याच नावाने ओळखू लागले होते. घरच्या मुलीचं, म्हणजे सुनेच्या नणंदेचं, त्यांच्या मुलाशी ठरल्यात जमा होतं. फक्त तारीख निघायची बाकी होती. त्यामुळे त्या आल्या की सासूबाई कपाटातल्या चांगल्या कपबश्या काढायच्या, सासरे शर्ट बदलून बाहेर येऊन बसायचे, आणि पाचवा महिना लागलेली सून चहाचा ट्रे सांभाळत हळूहळू बाहेर यायची.

त्या दुपारी विहीणबाईंनी पिशवीतून एक छोटी पर्स काढली. मुलगा कमावता झाला, वेळ जाता जाईना, म्हणून त्या चामड्याच्या वस्तू करायला शिकत होत्या. ही त्यांची पहिली पर्स. टाके वाकडे आले होते, रंग एका बाजूला गडद तर दुसरीकडे फिका होता, पण सासूबाईंनी ती अशी हातात घेतली की जणू सोन्याचा दागिना. सासऱ्यांनी चष्मा लावून कौतुक केलं. नणंद म्हणाली, माझ्यासाठी पण एक करा ना. फिरत फिरत पर्स सुनेच्या हातात आली.

तिने ती उलटी केली. आतल्या अंगावरून अंगठा फिरवला, कडा जरा ताणून पाहिली. हे सगळं तिच्या हातांनी केलं, तिला पत्ताच नव्हता. आणि तशाच तंद्रीत ती बोलून गेली, "हे पोटाकडचं आहे. पोटाकडचं चामडं ताणतं, थोड्याच दिवसांत तोंड फाकेल. पर्सला पाठीचं घ्यावं."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं. सासूबाईंच्या हातातली बशी वाजली.

"तुला कसं गं एवढं माहीत?" विहीणबाईंनी कौतुकानेच विचारलं.

"तिला वाचायचा भारी नाद आहे," सासूबाईंनी चटकन सांगून टाकलं. "काय काय वाचत असते."

सुनेचे वडील याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, चामड्याच्या गल्लीत दुकान चालवत होते. त्यांच्या वडिलांनी जनावरांची कातडी कमावली होती, त्यांच्या वडिलांनीही. ज्या घराच्या उंबऱ्याला पूर्वी लोक पाय लावत नसत, त्या घरातली ही मुलगी. शिकली, नोकरीला लागली, आणि ऑफिसातल्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलाने घरी हट्ट धरला. सासू-सासऱ्यांनी आकांडतांडव केलं नाही; ती सुशिक्षित माणसं होती. त्यांनी एवढंच म्हटलं, की आमची काही हरकत नाही हो, पण आमच्या मुलीचं लग्न व्हायचंय. बाहेर कळलं तर तिचं जमणं कठीण. लग्न चार माणसांत करू, आणि विचारलं कुणी तर मुलीचं माहेर लांब आहे, वडील व्यापारी आहेत, असं सांगू. येणंजाणं तेवढं नको.

ती यायला तयार नव्हती. तिला तयार केलं ते वडिलांनीच. आम्ही लांब राहतो असंच समज, म्हणाले, तू सुखात असलीस की झालं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा फोन व्हायचा, तोही दार लावून. दिवस गेल्याचं तिने अजून माहेरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईने बाळंतपणाला घरी ये म्हटलं असतं, आणि ते इथे चालणार नाही हे सासूबाईंनी तिला आधीच बजावलं होतं. नाही म्हणायची वेळ नको, म्हणून ती ती गोड बातमीच पोटात घेऊन बसली होती.

विहीणबाईंनी मात्र मनावर घेतलं. हत्यारं, रंग, चामडं सगळं नव्याने घ्यायचं आहे, तुला नजर आहे, तूच चल माझ्याबरोबर चामड्याच्या गल्लीत. सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि डोकं दुखतंय म्हणून सांग, असं सुचवलं. तिने तसं सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, मग उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी कंबर दुखत होती, तर त्या परवावर गेल्या. तिसऱ्या खेपेला सबब उरली नाही. सासूबाईंनी नणंदेला पाठराखीण म्हणून बरोबर दिलं. गल्लीत दुकानं पुष्कळ आहेत, नेमकं तेच कशाला निघतंय, असा दिलासाही दिला.

गाडीत सून मनातल्या मनात एकेक दुकान मोजून मागे टाकत होती. गल्ली जवळ आली तसा तो वास आला, तेलाचा, सालींचा, कमावलेल्या चामड्याचा. विहीणबाईंनी काच खाली केली. "मला बाई हा वासच आवडतो," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाई असत्या तर गाडीतून उतरू दिलं नसतं. पण काळ बदलला. आम्ही आता असलं काही मानत नाही."

त्यांना कुणीतरी एका जुन्या, खात्रीच्या दुकानाचा पत्ता दिला होता. गाडी तिथेच थांबली.

वडील गल्ल्यामागे बसले होते. जरा वाळले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. गिऱ्हाईक आलेलं पाहून ते उठले, या बसा म्हणाले, आणि मग त्यांची नजर लेकीवर पडली. चेहऱ्यावरून ती खाली पोटावर आली. पुढच्या क्षणी ते पाठ करून फळीवरचा डबा शोधायला लागले. शोधायला त्यांना बराच वेळ लागला. नणंदेने सुनेचा हात घट्ट धरला होता आणि सोडत नव्हती.

मग खरेदी सुरू झाली. विहीणबाई बसल्या स्टुलावर आणि सुनेला म्हणाल्या, तू निवड. वडिलांनी चामड्याला टोचायच्या दोन आऱ्या पुढे ठेवल्या. तिने आखूड मुठीची उचलली, कारण विहीणबाईंचा पंजा लहान होता. वडिलांनी मान हलवली. त्यांनी कापायच्या राप्या दाखवल्या, टाक्यांसाठी सारख्या अंतराने भोकं पाडायचे काटे दाखवले, मेण लावलेला दोरा दाखवला. तिने जाड दोरा बाजूला सारून बारीक घेतला. चामड्याची गुंडाळी त्यांनी गल्ल्यापुढच्या उंच, रुंद पाटावर उलगडली तेव्हा दोघांचे हात एकाच वेळी त्याच्या पाठीकडच्या भागावर आले. वडिलांनी आपला हात काढून घेतला.

दोघंही एकमेकांना अहोजाहो करत होते. "हे बघा मॅडम, हे झाडाच्या सालीत कमावलेलं आहे. वापराल तसा रंग चढत जाईल." लहानपणी याच पाटावर बसून तिने पाटीवर अक्षरं गिरवली होती.

रंगांची पाळी आली. विहीणबाईंना स्पिरिटमधला रंग हवा होता. तो खोल मुरतो असं त्यांना शिकवणीत सांगितलं होतं.

"मुरतो खरा," वडील म्हणाले. "पण तुम्ही पाण्यातला घ्या. स्पिरिटचा वास डोक्यात जातो. घरात कुणी... दिवस गेलेली बाई असली तर बरा नाही."

"आमच्या घरात नाही हो कुणी. ही तर आमच्या व्याह्यांची सून."

"तरी घ्या," वडील खाली बघत म्हणाले. "येणंजाणं असेल ना त्यांचं."

विहीणबाई हसल्या. माणूस त्यांना आवडला. पाण्यातल्या रंगाच्या बाटल्या बांधून होईपर्यंत त्या गप्पा मारत बसल्या. किती वर्षं दुकान आहे, मागे कोण बघणार, असं विचारता विचारता त्यांनी विचारलं, "मुलंबाळं काय तुम्हाला?"

वडिलांचा दोरी बांधणारा हात थांबला. खोटं त्यांना कधी जमलं नाही. मुलगी आहे म्हटलं तर कुठे दिली हा प्रश्न येणार, आणि ज्या घरात दिली ते घर इथे समोर उभं होतं.

"एक मुलगी होती," ते म्हणाले.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली, देवापुढे कुणाचं चालत नाही म्हणाल्या, आणि पुढे काही विचारलं नाही. सून पाटाला धरून उभी होती. तिला ओरडावंसं वाटलं. नणंदेने तिच्याकडे पाहिलं; त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आर्जव होतं. या घरात आल्यापासून तिला मायेने वागवलं असेल तर ते या नणंदेने. सून गप्प राहिली. वडिलांनी पुडकं गाडीपर्यंत आणून दिलं आणि तिच्याकडे न बघता मागे फिरले.

गाडीत विहीणबाई म्हणाल्या, "वाईट वाटलं बाई. त्या लोकांत औषधपाणी वेळेवर करत नाहीत ना."

घरी सासूबाईंनी नणंदेकडून सगळं ऐकून घेतलं आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. शहाणी आहेस, म्हणाल्या. कुणी कुणावर हात उगारला नव्हता, कुणी तोंड वाकडं केलं नव्हतं. चांगल्या, शिकल्यासवरल्या माणसांनी चहा पीत पीत असा पेच बांधला होता की एका बापाने आपली जिवंत, पोटुशी लेक स्वतःच्या तोंडाने मेलेली सांगितली. आणि त्या पेचाला सगळे मिळून समजूतदारपणा म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी तिने दार लावून माहेरी फोन केला. आईने उचलला. बातमी तिला कळली होती. पण आवाजात आनंद नव्हता.

"बाबांना दे," ती म्हणाली.

"ते येत नाहीत गं फोनवर. कालपासून धड जेवले नाहीत. म्हणतात, पोटुशी पोरगी समोर उभी होती आणि माझ्या जिभेवर असलं अभद्र आलं. आता तिचं काही वाईट झालं तर ते मीच केलं."

तिने आईला पुष्कळ समजावलं. आईने समजावलेलं तिकडे पोचवलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढच्या आठवड्यातही वडील फोनवर आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

नवऱ्याला तिने सांगितलं. तो चांगला होता. त्याने तिचं सगळं ऐकलं, हळहळला, आणि म्हणाला की बहिणीचं लग्न एकदा होऊ दे, मग आपण दोघं उघडपणे जाऊ. त्या दोघांचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि हे तो पहिल्यांदा सांगत नव्हता.

मग एके दिवशी विहीणबाई तारीख ठरवायला आल्या. बरोबर नवी पर्स होती. त्या चामड्याची, त्या बारीक दोऱ्याची, त्या पाण्यातल्या रंगाची. सुबक झाली होती. ती त्यांनी सुनेच्या हातात ठेवली. तूच निवडलंस सगळं, तेव्हा यातली पहिली तुलाच, असं म्हणाल्या. आणि सासूबाईंकडे वळून त्यांनी त्या दुकानदाराची गोष्ट काढली, बिचाऱ्याची एकुलती एक मुलगी कशी गेली ती.

सुनेने काही ठरवलं नव्हतं. पर्स मांडीवर ठेवून ती म्हणाली, "ती गेलेली नाही. मी त्यांची मुलगी आहे."

तिला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. पण विहीणबाई सावरल्या. "अगं, मग त्यात काय एवढं?" त्या म्हणाल्या. "आम्ही नाही हो मानत असलं." त्यांनी चहा संपवला, पर्सचे टाके कसे घातले ते नणंदेला दाखवलं, आणि तारखेचं घरी बोलून कळवते असं म्हणून हसतमुखाने निघाल्या.

चार दिवसांनी निरोप आला. मुलाला कंपनी बाहेर पाठवतेय, त्याला एवढ्यात लग्नाची घाई नाही. मुलीला तोवर अडकवून ठेवणं बरं नाही. बाकी आपले संबंध आहेतच.

नणंद भांडली नाही. ती सुनेच्या खोलीत आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "माझं लग्न होईपर्यंत थांबली असतीस." तिच्या आवाजात राग असता तर उत्तर देता आलं असतं. सुनेला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती उठून गेली. तिचं काय चुकलं होतं? ज्या चुलीत एक मुलगी घातली होती तिच्यातच आता दुसरी गेली, आणि चूल पेटवणारे आपल्या घरी नवीन पर्स शिवत होते.

सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. फक्त एकदा म्हणाल्या, की बाळंतपणाला आता माहेरीच जा. ज्या गोष्टीसाठी तिने महिनोन् महिने मनातल्या मनात हात जोडले होते ती अशी शिक्षा म्हणून मिळाली. नवरा तिला सोडायला आला, गल्लीच्या तोंडापर्यंत. ऑफिसला उशीर होत होता म्हणाला.

वडिलांनी तिची पिशवी घेतली. ती बोलली हे त्यांना कळलं होतं. "कशाला बोललीस," ते म्हणाले, "होतं ते ठीक होतं." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला, मला काही झालेलं नाही, बघा, धडधाकट आहे, असं म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण डोळे पोटावर आले की लगेच दुसरीकडे वळत. रात्रंदिवस त्यांना एकच घोर होता, आणि तो तिला त्यांच्या मनातून काढता येत नव्हता.

ती दुकानात बसू लागली. घरात आईच्या काळजीपेक्षा तिथे बरं वाटायचं. एका सकाळी दारात गाडी थांबली आणि चांगल्या कपड्यांतल्या दोन बाया उतरल्या. वडील दबक्या आवाजात म्हणाले, "आत जा गं, बाळा."

"बाबा, आता सगळ्यांना कळलंय."

"हो, ते आहे," ते म्हणाले. तरी त्यांनी आतल्या खोलीचा पडदा तिच्यासाठी बाजूला धरून ठेवला.

ती उठली नाही. तिने स्टूल ओढून गल्ल्याच्या अगदी जवळ घेतलं आणि पाटावर दोन्ही कोपरं टेकून बसली. बाया आत आल्या. त्यांनाही हौस होती, त्यांनाही हत्यारं हवी होती. वडिलांनी पडदा सोडला, पुढे आले आणि आऱ्या काढून मांडू लागले. एका बाईने सहज तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. वडील आऱ्यांबद्दल सांगत राहिले. ही माझी मुलगी, असं ते म्हणाले नाहीत. उद्या म्हणतील, असं तिला वाटलं. कालही तिला असंच वाटलं होतं. पण ती तिथून हलली नाही.