तीन सर्व्हरांचा वाटाड्या

फट्! मी ऐकलेला पहिला आवाज नारळ फुटल्याचा. राजारामपुरीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या पहिल्या मजल्यावर मला खोक्यातून काढलं, लोखंडी मांडणीत बसवलं, वायरी जोडल्या आणि गुंडूमामा शिपायांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. त्याचं पाणी ते माझ्यावर शिंपडणार, तोच कुणीतरी ओरडलं, "मामा, यंत्र हाय ते, बैल न्हवं!" मग मामांनी बोटभर कुंकू तेवढं लावलं. त्याला आठ वर्षं झाली.

मी दिसायला चपटी पेटी. लोक मला लोड बॅलन्सर म्हणतात. माझं शिक्षण फार नाही. माझ्यामागे तीन सर्व्हर आहेत, शिकलेले ते. फॉर्म दाखवणं, चुका काढणं, माहिती लिहून घेणं त्यांना येतं. मला येतं एकच. आलेल्या माणसाला तिघांपैकी एकाच्या दारी पोचवायचं. पहिल्याला इकडे, दुसऱ्याला तिकडे, तिसऱ्याला पलीकडे, की पुन्हा पहिल्यापासून. कुणा एकावर ओझं पडू नये आणि कुणी रिकामं बसू नये.

फॉर्म भरणाऱ्यांची तोंडं मला दिसत नाहीत, सवयी मात्र कळतात. एकदा बटण दाबून गप्प बसणारा माणूस मी अजून पाहायचाय. दहादा दाबतात. जोतिबाच्या घाटात गाडीत बसून फॉर्म भरणारेही असतात. वळणागणिक त्यांच्या फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. आणि शेवटच्या तारखेआधी भरायचा नाही, असा तर सगळ्यांनी जणू नवसच बोललेला. मला राग येत नाही. गर्दी झाली की माझे दिवे लुकलुकतात, तीच माझी जत्रा.

यंदा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म बदलला. पूर्वी एक पान होतं, आता सात झाली. ज्या सर्व्हरने पहिलं पान घेतलं, त्याच्याच ध्यानात ते राहायचं. आणि मी आपला जुन्या सवयीने दुसरं पान दुसऱ्याकडे धाडत होतो. तो विचारायचा, "आपण कोण?" आणि मुलीला परत पहिल्या पानावर बसवायचा. काम इमानानं करत होतो, पण करत होतो चुकीचं.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकराला कोडोलीच्या चिमणाबाई जिना चढून थेट माझ्या खोलीच्या दारात आल्या. पाच वाजता फॉर्म बंद व्हायचे होते.

"कुठं हाय ते यंत्र? माझ्या पोरीचा फॉर्म चारदा गिळला त्यानं!"

"अक्का, आत यायचं न्हाय," गुंडूमामा म्हणाले.

"मग हितंच बसते. फॉर्म जाईस्तोवर हलणार न्हाय." आणि त्यांनी उंबऱ्याशी फतकल मारली. हातात फोन, फोनवर लेक. क्रांती तिचं नाव. ती गावच्या सेवा केंद्रात संगणकापुढे बसली होती.

संगणक विभागाची प्रियदर्शनी समजूत घालायला आली. चिमणाबाई तिलाही म्हणाल्या, "चार वर्सं आजी अंथरुणाला खिळली हुती. तिची जखम ह्या पोरीनं धुतली, आम्हा कुणाला हात लावू दिला न्हाय. तिला नर्सच व्हायचंय. वरीस वाया गेलं तर तुम्ही देणार हाय का माघारी?"

प्रियदर्शनी माझ्यासमोर येऊन बसली. खोड तिच्या ध्यानात आली होती. तिनं मला शिकवलं, की माणूस इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून येतो ते बघ. एका पत्त्याचा माणूस कायम एकाच सर्व्हरकडे धाड. मी मान्य केलं.

तासभर बरं चाललं. क्रांती फोनवर म्हणाली, "आई, तिसऱ्या पानावर गेले!" चिमणाबाईंनी मामांना गूळ-शेंगदाणे दिले. आणि मग सगळं अडकलं. दोन नंबरचा सर्व्हर धापा टाकायला लागला, बाकीचे दोघे गार.

"असं कसं?" प्रियदर्शनी पुटपुटली. "अक्का, केंद्रात किती जणी आहेत?"

"बारा. समद्यांची लाईन एकच की."

लाईन एक, म्हणजे पत्ताही एकच. जयसिंगपूरच्या एका कॉलेजातही तसंच झालं होतं. साठ मुली आणि सगळ्यांचा पत्ता एक. त्याही मी इमानानं दोन नंबरच्याच दारी नेऊन उभ्या केल्या होत्या.

गुंडूमामा हसले. "म्हंजे ताई, गाव बघून रांग लावलीसा व्हय? मग अख्खं गाव एकाच खिडकीवर पडणार की! कागदी फॉर्म हुतं तवा खाली तीन खिडक्या हुत्या. माणूस फोटो आणाय जायाचा, अर्धा फॉर्म त्या कारकुनाच्या ट्रेमधी. परत आल्यावर कुठल्या खिडकीवर जायाचं? मी ज्याच्या त्याच्या हातात चिठ्ठी द्यायचो, खिडकीचा नंबर घालून. गाव कुठलं का असंना!"

प्रियदर्शनीनं कपाळावर हात मारला. "मामा, हे मला येतंय हो! पण सुचलं तुम्हाला!"

मग तिनं मला पत्ता विसरायला लावला आणि चिठ्ठी द्यायला शिकवलं. पहिल्यांदा येईल त्याच्या ब्राउझरकडे मी सर्व्हरचा नंबर लिहिलेली बारीकशी चिठ्ठी देतो. कुकी म्हणतात तिला. पुढच्या प्रत्येक पानाबरोबर ती माझ्याकडे परत येते. मी ती वाचतो आणि त्याला त्याच्याच दारी सोडतो.

"आता पहिल्यापासून भर," प्रियदर्शनी फोनवर म्हणाली. "हे शेवटचं, माझा शब्द."

"आणखी एकदा व्हय!" चिमणाबाई कळवळल्या. "पोरीची बोटं झिजली की वं!"

कोडोलीच्या बाराजणी तिघांत चार-चार वाटल्या गेल्या. क्रांती तीन नंबरला लागली. पान दोन, तीन, चार. चिठ्ठी वाचायची, तीन नंबर. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. एकच माणूस, त्याच दारी, पुन्हा पुन्हा! चार वाजून दहा मिनिटांनी सातवं पान गेलं.

"आई, गेला! नंबर आला फॉर्मचा!" फोन ओरडला. मागून केंद्रातल्या पोरींचा कालवा.

पुढच्या वर्षी अर्धे भरलेले फॉर्म तिन्ही सर्व्हरांच्या सामाईक जागेत ठेवणार आहेत. म्हणजे एखादा सर्व्हर मध्येच बंद पडला तरी कुणाचं काही जाणार नाही. मग माझ्या चिठ्ठीची गरजही फारशी उरायची नाही. उरू नये. जे माझ्यासारख्यांना कामाला लावतात, त्यांना माझं सांगणं एवढंच, की आम्हाला वाटणी शिकवाल तशी ओळख ठेवायलाही शिकवा. परत आलेल्या माणसाला "आपण कोण?" असं विचारायची पाळी आमच्यावर आणू नका.

त्या दिवशी फोन बंद करून चिमणाबाई उठल्या. मामांनी अडवलं नाही. त्या आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सकाळपासून त्यांचं तोंड एक घडी थांबलं नव्हतं. आता त्यांनी पदराला हात पुसला आणि तापलेल्या माझ्या पत्र्यावर टेकला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकावा तसा. बराच वेळ तो तिथंच होता. मग त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या.