उदाहरणाखालची ओळ

आमच्या हडपसरच्या ऑफिसात प्रोग्रामर चाळीस आणि लिहिणारी मी एकटी. त्यांनी केलेली फंक्शनं, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे, कशी वापरायची, याची माहितीपुस्तिका लिहिणं हे माझं काम. माझं प्रोबेशन शुक्रवारी संपणार होतं. कायम व्हायचं की घरी बसायचं, ते पुस्तिकेतल्या सॉकेटच्या प्रकरणावर ठरणार होतं.

सॉकेट म्हणजे दोन कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलता यावं म्हणून केलेली सोय. 'कनेक्ट' या फंक्शनला समोरच्याचा पत्ता द्यायचा, की ते जोडून देतं. उदाहरणात मी माझ्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला, कारण चालवून बघितलं होतं तिथेच. खाली स्पष्ट लिहिलं, 'हा पत्ता नमुन्यादाखल आहे. आपला घालावा.'

सोमवारी पुस्तिका सगळ्यांना गेली. मंगळवारी माझा कॉम्प्युटर आचके देऊ लागला. एकतीस जणांनी उदाहरण जसंच्या तसं उचललं होतं, आणि एकतीस प्रोग्राम माझ्या दारात उत्तराची वाट बघत बसले होते!

"नम्रता, तुमचं उदाहरण चालत नाही," आमचे मॅनेजर दिगंबर सर म्हणाले. "कनेक्ट होतं आणि पुढे काहीच नाही. तक्रारी आल्यात."

"सर, खाली लिहिलंय."

"खालचं कोण वाचतं?"

"मग मी लिहिते कशाला?"

"ते शुक्रवारी बघू."

माझं डोकंच फिरलं. चार महिने खपून लिहिलेलं, आणि यांना एक ओळ वाचवत नाही! मी बसल्या बैठकीला छोटा प्रोग्राम लिहिला. जो कोणी माझ्या कॉम्प्युटरला जोडला जाईल, त्याला आपोआप उत्तर: 'हा नम्रताचा कॉम्प्युटर आहे, धर्मशाळा नव्हे. उदाहरणाखालची ओळ वाचावी. वाचूनही न समजल्यास समक्ष भेटावे.'

बुधवारपर्यंत तीस जण गायब झाले. समक्ष कोणीच आलं नाही, उलट माझी नजर चुकवून चहाला जाऊ लागले. एक मात्र येतच राहिला. बहुतेक उत्तरही वाचत नसावा. कोण हा महाभाग म्हणून नोंदी उघडल्या, तर दिगंबर सर. साहेबांना मी सतरा वेळा 'धर्मशाळा नव्हे' म्हणून सुनावलं होतं.

शुक्रवारी केबिनमध्ये बोलावणं आलं.

"समक्ष भेटावे, असं आपणच कळवलंत," सर म्हणाले. चेहरा कोरा. त्यांनी एक पत्र पुढे सरकवलं.

'आपणांस सेवेत कायम करण्यात येत आहे.' मला भरूनच आलं. घाईघाईने सही ठोकली आणि पत्र परत दिलं.

"पूर्ण वाचलंत?"

"हो सर."

"खालची ओळसुद्धा?"

त्यांनी पत्र माझ्याकडे फिरवलं. 'माहितीपुस्तिका कशी वाचावी, हे नम्रता सर्व प्रोग्रामरना दर शनिवारी सकाळी आठ वाजता ऑफिसात येऊन शिकवतील.'

मी धायरीला राहते, पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला. शनिवारी मला सुट्टी असते. म्हणजे, असायची.

"सर, हे मी पाहिलंच नव्हतं."

"चालायचंच," सर पत्र फाइलला लावत म्हणाले. "पहिल्या शनिवारी मी येतोय. पुढच्या बाकावर आपण दोघंही बसू."