ऑगस्टातला नाताळ

सप्टेंबर उजाडला की इलोइलो शहरातल्या त्या गल्लीत नाताळ सुरू होतो. दुकानांतून गाणी वाजायला लागतात, खिडक्यांत ताऱ्यांचे कंदील लटकतात आणि पुढचे चार महिने कुणी कुणाला अडवत नाही. पण ऑगस्टात नाताळ मांडणाऱ्याला तिथेही लोक वेड्यात काढतात. लुमिंगने तो मांडला. भर पावसात माळ्यावरची खोकी उतरवली आणि शेजारणींनी विचारायच्या आत स्वतःच सांगत सुटली, "आमचा निलो या महिन्यात बोटीवर जातोय ना! डिसेंबरात पोरगा समुद्रात. म्हटलं, आत्ताच उरकून घेऊ."

निलो जाणार होता हे खोटं नव्हतं. पण खरं कारण निलोच्या बापाच्या पोटात वाढत होतं. डॉक्टरने लुमिंगला आणि निलोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आन्सेल्मो ऑक्टोबर बघेल, नाताळाचं काही सांगता येत नाही. आन्सेल्मोला दोघांनी सांगितलं, अल्सर आहे. वर्षभर नाताळाची वाट बघणारा हा माणूस, गल्लीतला पहिला तारा दरवर्षी त्याचाच. मरणाची कुणकुण न लागता त्याला एक शेवटचा नाताळ मिळावा, एवढंच लुमिंगला हवं होतं. बाकी सगळं देवाकडे मागून ती थकली होती.

"खुळी आहेस," बांबूच्या काड्या तासत आन्सेल्मो म्हणाला. "बाळ येशू काय बोटकंपनीला विचारून जन्माला येतो?"

"तू तारा कर. जिभेला जरा सुट्टी दे."

"या हवेत खळ वाळत नाही."

"मग पंख्याखाली धर! सगळं मीच सांगायचं का?"

कुरकुरत का होईना, त्याने लाल कागदाचा तारा केला आणि निलोने तो दारावर टांगला. करताना आन्सेल्मोला दोनदा आडवं व्हावं लागलं. लुमिंगने ते न पाहिल्यासारखं केलं. असलं नाटक करायची तिला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते तिला जमतही नव्हतं.

नाताळाचं मध्यरात्रीचं जेवण संध्याकाळीच वाढलं. निलोची पहाटेची बस आहे, हे निमित्त. हॅम होता, लाल मेणातलं गोल चीज होतं, नारळाच्या पानात शिजवलेला चिकट भात होता. आन्सेल्मोची थोरली बहीण कोन्चिंगही आली होती; तिला तो मानांग, म्हणजे ताई, म्हणायचा. ही बाई म्हणजे घरातल्या रीतीभातींची फौजदार. आजाराचं तिलाही ठाऊक होतं.

आन्सेल्मोने दोन घास खाल्ले आणि काटा खाली ठेवला.

"निलो, किती नाताळ समुद्रावर काढलेस रे?"

"अकरा, बाबा."

"अकरा. आणि अकराही वेळा तुझ्या आईने हॅम डिसेंबरातच उकडला. तुझ्यासाठी एकदाही पुढे ओढला नाही." मग तो बहिणीकडे वळला. "आणि मानांग, तू येऊन तास झाला, अजून मला एक टोमणा मारला नाहीस. डॉक्टर काय म्हणाला असेल ते मला तिथंच कळलं."

निलोने मान खाली घातली.

"आई गेली त्या वर्षी तू माझा तारा उतरवलास," आन्सेल्मो बहिणीला म्हणाला. "दुखवट्याच्या घरात वर्षभर रोषणाई नको म्हणून. मी ऐकलं. माझ्या वेळी मात्र उतरवायचा नाही."

"रीत आहे ती, आन्सेल्मो."

"रीत तुझी, तारा माझा."

"लोक तोंडात शेण घालतील!"

"तुझ्या नाही, माझ्या घालतील. मी ऐकायला कुठे असणार आहे?"

कोन्चिंगने रुमाल काढून नाक पुसलं. "लहानपणापासून बैल आहेस, बैल! बरं. मी हात लावणार नाही. पण काळे कपडे सगळ्यांनी घालायचे, त्यात सूट नाही."

"घाला की. मी कुठे नको म्हणतोय?"

लुमिंगला आधी रागच आला, सपाटून. महिनाभर दारोदार, पावसापाण्यात ती थापा मारत फिरली होती.

"तुला ठाऊक होतं? मग मला एवढं खोटं का बोलू दिलंस?"

"तू इतकं मन लावून बोलत होतीस," तो म्हणाला. "मोडवेना मला."

ती ताटं उचलायला म्हणून उठली आणि तशीच परत खाली बसली. इतके दिवस मोरीत नळ सोडून रडणारी लुमिंग आता सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आन्सेल्मोने चारचौघांत बायकोला कधी जवळ घेतलं नव्हतं. आज घेतलं.

"बरं झालं," तो तिच्या कानाशी म्हणाला. "एकट्याने घाबरून कंटाळलो होतो गं."