मावशींना उतरवणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पाय चार, पण टेकतात तीनच. एका मालवाहू जहाजाच्या रंगाच्या कोठारात मी पडून असते आणि माझ्या मांडीवर रंगाचे डबे बसतात. दिवस फिरले की असंच व्हायचं!

पूर्वी मी जेवणघरात होते. वादळात घसरू नये म्हणून मला साखळीने जमिनीला जखडलेलं असे. आमच्या जहाजावर मालाचा थाट जावयाचा आणि प्रवासी म्हणजे आगंतुक पाहुणा. तरी एखादा आलाच, तर त्याची खुर्ची मी. माझ्यावर कप्तानसुद्धा बसत नसे. याचा मला भारी तोरा होता.

एका सफरीत एक सुईण आली. कानाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिला विमान वर्ज्य केलं होतं. सगळे तिला मावशी म्हणत. जन्मभर दुसऱ्यांच्या लेकी सोडवल्या, आता समुद्रापलीकडे दिलेल्या स्वतःच्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. "आई, तू जवळ असलीस की मला भीती नाही," एवढंच ती लेक म्हणाली होती. समुद्र खवळला की आचारी टेबलावरची चादर ओली करी, म्हणजे ताटं घसरत नाहीत. मावशी हसून म्हणत, "बाळाच्या ओल्या दुपट्याची सवय आत्तापासूनच!" मोठी धीराची बाई.

पण बंदर समोर दिसलं आणि जहाज थांबलं. धक्क्याला जागाच नव्हती. दोन दिवस तसेच गेले. मग जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या. मावशींनी माझे हात असे आवळले की मला वाटलं, बाळंतीण मीच.

"कप्तानसाहेब, लाँच मागवा ना!" आचारी म्हणाला.

"मागवली. पण दोरीच्या शिडीवरून यांचे गुडघे उतरतील का?"

"गुडघे राहू द्या हो," मावशी म्हणाल्या. "एवढा माल उतरवता, त्यात मी एक!"

कप्तानाने माझी साखळी सोडवली. मावशींना माझ्यावर बसवून पट्ट्यांनी बांधलं आणि क्रेनने आम्हा दोघींना अलगद उचललं. पायाखाली नुसता समुद्र! माझी तर पाचावर धारण बसली. मावशी डोळे मिटून लेकीचं नाव घेत होत्या. टेकणार इतक्यात लाँच लाटेवर उसळली आणि माझा एक पाय कठड्यावर आपटून कडकन मोडला. मावशींना खरचटलंही नाही.

संध्याकाळी निरोप आला. मुलगी झाली, आजीच्याच हातांत! आचाऱ्याने सगळ्यांना गोड वाढलं. क्रेनने मला परत जहाजावर घेतलं होतं; मिस्त्रीने माझा पाय जोडला, पण तो आखूडच राहिला.

पुढे कंपनीने प्रवासी घेणं बंद केलं. माणसं बदलली. परवा एक नवा खलाशी म्हणाला, "ही लंगडी कशाला ठेवलीय? भंगारात टाका." फार वाईट वाटलं. पण त्याची तरी काय चूक? त्याला कुणी काही सांगितलंच नाही.

ती पोर आता दोन्ही पायांवर धावत असेल. माझी विनवणी एवढीच आहे, मित्रांनो. घरातली एखादी लंगडी खुर्ची टाकण्याआधी थोरांना एकदा विचारा, हिचा पाय कशाने मोडला?