दोघं होती तोवर

"काका, करारातून माझं नाव काढता येईल?" मुलाने दारातूनच विचारलं. पायाशी बॅग होती.

मागच्या दोन खोल्या मी याला आणि याच्या मैत्रिणीला भाड्याने दिल्या, तेव्हा माझी थोरली बहीण महिनाभर बोलली नव्हती. "लग्नाचा पत्ता नाही आणि करारावर जोडीने सह्या! बायको गेली आणि तू घराची धर्मशाळा केलीस." मी म्हटलं होतं, "ताई, भांड्यांवरून भांडतात. संसारच आहे की तो."

खरं सांगायचं तर पलीकडे भांडण सुरू असलं की मला दोन घास जास्त जायचे. ही गेल्यापासून घरात आवाजच नव्हता.

मुलगा गेला. संध्याकाळी मुलगी आली.

"मी एकटी राहिले तर चालेल?"

"राहा की. कुलूप बदलून देऊ?"

"नको. असू दे त्याच्याकडे किल्ली."

रविवारी ताई आली. मला वाटलं, आता तिचा राग जाईल. ती बसायच्या आधीच म्हणाली, "तिला काढ."

"आता काय झालं? आता एकटीच आहे ती."

"म्हणूनच! दोघं होती तोवर निदान दोघं होती. आता तू एकटा, ती एकटी, मध्ये एक भिंत. लोकांची तोंडं धरणारेस का?"

"ताई, माझे दात पडलेत गं."

"दातांचं कोण विचारतंय? घरात बायको नाही ना!"

"मी तिला काढणार नाही," मी मोठ्याने म्हणालो. पलीकडचा चालू नळ बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मुलगी किल्ली घेऊन उभी. "मैत्रिणीकडे सोय झाली, काका."

"ताईचं ऐकलंस ना? तिचं मनावर घेऊ नकोस. मी तुला जा म्हटलेलं नाही."

"तुम्ही नाही म्हणणार. पण तुम्हाला रोज ऐकावं लागेल." ती जाता जाता थांबली. "भिंतीतून सगळंच ऐकू येतं. तुम्ही काकूंना भाजीचे भाव सांगता, तेसुद्धा. तो आणि मी टीव्ही बारीक करायचो तेव्हा."

मी तिची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली.

संध्याकाळी भाजी चिरताना हिला सगळं सांगितलं. आता पलीकडे कुणी नव्हतं. तरी हळूच बोललो.