सहीतली शेपटी

आजीने दोरा दातांनी तोडला, शर्ट मांडीवर आपटला आणि म्हणाली, "पुन्हा वाचा, बाई."

शाळेच्या बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "‘ती शांत, आज्ञाधारक आणि सर्वांचा आदर करणारी होती...’"

"कोण?"

"तुमची नात, आजी."

"मग दुसरी कोणी असेल. आमची कार्टी झोपेतसुद्धा शांत नव्हती. दात खायची."

सुनेची शिलाई मशीन थांबली. "आई, बाईंनी किती प्रेमाने लिहिलंय."

"प्रेमाने लिहावं, पण तिच्याबद्दल लिहावं."

दोन महिन्यांपूर्वी मैदानावर धावता धावता पोरगी खाली बसली, ती उठलीच नाही. पंधरा वर्षांची. तेव्हापासून जो येई तो तिची देवी करून जाई आणि आजीच्या डोक्यात तिडीक जाई. देवी कसली? आईशी तुसडेपणाने बोलला म्हणून एका गिऱ्हाइकाच्या नव्या पँटचे दोन्ही खिसे तिने आतून शिवून टाकले होते. वर त्यालाच विचारलं, "काका, हात कुठे ठेवणार आता?" घरात तिचं आणि आजीचं रोज वाजायचं. मशीनच्या तेलावरून, कात्रीवरून, काहीच नसलं तर त्यावरून.

"ते खिशांचं लिहा," आजी म्हणाली.

"शाळेच्या अंकात असं कसं छापणार?"

"मग छापू नका. आत पाळण्यात धाकटी आहे. उद्या तिला बहीण कळणार ती या कागदावरून. कुणा भलतीचीच ओळख होईल तिला."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मजकूर मंजूर झालाय, आजी. घरच्यांची सही तेवढी हवी." आणि त्यांनी पिशवीतून शाईची डबी काढून हळूच आजीपुढे सरकवली.

आजी ताठ झाली. "ते आत ठेवा. मला सही येते. तिनेच शिकवलीय. आणा इकडे."

तीन अक्षरं. तीन आठवडे घटवली होती. नातीने हात धरून गिरवून घेतली होती, चुकलं की टपली मारून. कापडाचे गठ्ठे आणणारा तर पोच घेताना दर वेळी सहीकडे बघून हसे. अंगठेवाली बाई शिकली, म्हणून कौतुक करतोय, असं आजी समजे. तिने पेन मुठीत आवळलं आणि मधल्या अक्षराच्या पायाशी शेपटी चांगली लांब ओढली.

बाईंनी कागद पाहिला. तोंडावर हात ठेवला. सून उठून आली, वाकली, आणि तिचे खांदे हलू लागले.

"काय झालं? शेपटी चुकली का?"

"नाही आई, शेपटी बरोबर आहे." सुनेने पदराने डोळे पुसले, पण हसू काही आवरेना. "हे तुमचं नाव नाहीये. इथं ‘खडूस’ लिहिलंय."

आजी कागदाकडे बघत राहिली.

"म्हणजे तो मेला गठ्ठेवाला..." ती म्हणाली आणि थांबली.

"दुसरा कागद देते हं," बाई पिशवीत हात घालत म्हणाल्या.

आजीने सहीवर तळवा ठेवला.

"ही राहू द्या," ती म्हणाली. "वरचं खोडा."