परतीचा माल

त्या डेपोत त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेचं तोंड त्याने सातवीनंतर पाहिलं नव्हतं, पण डिझेल कसं वाचवावं यावर तो कुणालाही धरून तासभर शिकवायचा. चढावर कोणता गिअर टाकायचा, उभ्या गाडीचं इंजिन का बंद करायचं, आणि सगळ्यात मोठा धडा म्हणजे परतताना ट्रक रिकामा आणायचा नाही. रिकामी गाडी फुकटचा धूर ओकते म्हणे. बाकीचे ड्रायव्हर पाठीमागे त्याची नक्कल करायचे.

पण त्याचं हे बोलणं एकदाचं वरच्यांनी मनावर घेतलं. गाड्यांचे मार्ग आखायला एक मुलगी आली, हुशार, कामाला वाघ. महिनाभर तिने एकेका गाडीचा नकाशा तपासला आणि नेमकी मास्तरच्याच गाडीपाशी अडली. परतताना रोज अकरा किलोमीटरचा वळसा, आणि चार वाजता अर्धा तास थांबा. तिने सरळ विचारलं, काका, तिथे काय असतं?

तिथे त्याची बायको असायची. विसराळूपणाच्या आजाराने गाठलेल्या माणसांना सांभाळणाऱ्या एका घरात, खिडकीजवळच्या खाटेवर. दुसऱ्या कुणाच्या हातून ती धड घास घेत नसे. आता एवढं सांगायला किती वेळ लागतो हो? पण जन्मभर लोकांना धडे दिलेले. आपलीच रिकामी गाडी रोज वळशाने नेतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"चहा पितो," मास्तर म्हणाला.

मुलीने थांबा काढून टाकला. परतीला बाटल्यांच्या कारखान्याचा माल मिळाला, गाडी भरून येऊ लागली, आणि धूर किती कमी झाला त्याचा तक्ता भिंतीवर लागला. मास्तर माल उतरवून मोकळा होईपर्यंत भेटीची वेळ टळलेली असायची. सुट्टीच्या दिवशी जायचा, तर ती गुंगीत पडलेली. तिचा हात हातात घेऊन तो नुसता बसायचा आणि उठून यायचा.

सहा आठवड्यांनी त्या घरातून डेपोत फोन आला. तो मुलीनेच उचलला. बाई जेवत नाहीत, रोज चारला यायचे त्या त्यांच्या मिस्टरांना कळवा, असा निरोप होता. मुलगी तशीच खाली धावली.

"काका, मला बोलला असतात तर? तो माल दुसऱ्या गाडीला दिला असता मी. दोन मिनिटांचं काम होतं."

तिचे डोळे भरून आले होते. मास्तरला स्वतःचा संताप आला, पण आता येऊन काय उपयोग होता?

दुसऱ्या दिवशी बरोबर चारला तो बायकोसमोर बसला. ती जागी होती, केस विंचरलेले होते. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने वाटी घेऊन चमचा पुढे केला.

"राहू द्या," परक्या माणसाशी बोलावं तशी ती अदबीने म्हणाली. "चार वाजता हे येतात. मी त्यांच्या हातून खाते."

"चार वाजून गेलेत."

"मग आजही नाही यायचे. कामाचा माणूस, अडकले असतील." तिने हळूच विचारलं, "तुम्ही बाहेर जाता ना? दिसले तर सांगाल त्यांना? मी रागावले नाहीये म्हणावं."

"सांगतो," मास्तर म्हणाला आणि चमचा वाटीत ठेवून दिला.